थाम म्हणणारा

आधी माफी मागतो. मी लेखक नाही, डॉक्टर तर नाहीच. आजारपणाबद्दल माणसं बरी झाल्यावर लिहितात. मी अजून बरा झालेलो नाही आणि होईन असं मला कोणी सांगितलेलंही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी आपण आगाऊपणा करतोय असं वाटत राहतं.

तरी लिहितोय, कारण आमच्यासारखी आणखी घरं असतील. अशा घरांत मुलगे तान्हेपणीच जातात, मुली राहतात आणि गाव आईकडे बोट दाखवतं. अशा घरातल्या कोणी हे वाचलं तर त्याला मी उपाय सांगू शकणार नाही. आत काय चाललेलं असतं तेवढं सांगू शकेन.

सध्या मी नागपूरच्या दवाखान्यात आहे आणि एका बातमीची वाट पाहतोय. ती येईपर्यंत लिहीन.

पिवळे डोळे

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, वैनगंगेच्या अलीकडे. आम्ही ढिवर. गावतलावातली मासेमारी आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी, यावर घर चालतं. माझं पोट लहानपणापासून बिघडलेलं आणि कातडी लाल, खरखरीत. शाळेत पोरं मला ‘खवल्या’ म्हणायची. मासे पकडणाऱ्यांच्या पोरांना दुसरं काय सुचणार? मीही त्या नावाला ओ देत असे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला चंद्रपूरला असताना जिना चढताना दम लागायला लागला. मग डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी. आमच्या भागात पिवळे डोळे दिसले की सगळे आधी सिकलसेल म्हणतात आणि पुष्कळदा तेच निघतं. मीही मनाची तयारी केली. तपासणीत सिकल नाही असं आलं, तेव्हा बाबांनी चौकातून जिलेबी आणली आणि आम्ही दोघांनी बसस्टँडच्या बाकावर बसून ती खाल्ली. इतक्या आनंदानं आम्ही त्यानंतर काही खाल्लेलं नाही.

कळलं तो दिवस

नागपूरला ज्या डॉक्टर मॅडमकडे माझी केस गेली, त्या वयानं फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढून खाटेजवळ घेतली तेव्हाच मला भीती वाटली. मोठे डॉक्टर उभ्यानंच बोलतात. बसून सांगायचं म्हणजे काहीतरी वाईट.

“तुझंच शरीर तुझ्या रक्तातल्या पेशी फोडतंय,” त्या म्हणाल्या.

“काऊन?” माझ्या तोंडून निघून गेलं. कॉलेजात दोन वर्षं ‘का’ म्हणायची सवय केली होती, ती ऐन वेळी गेली.

त्या हसल्या नाहीत. आईकडे वळून त्यांनी विचारलं, “याला भाऊ आहेत?”

आई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. पदर नीट करत म्हणाली, “दोन होते जी, याच्या आंधी. जल्मले तवा आंगावर लाल लाल पुरळ. मंग पोट सुटलं, ते राह्यलंच नाई. सुकून गेले दोघंही. पाळण्यातच.”

“आणि तुमचे स्वतःचे भाऊ?”

“माह्या मायचेही तसेच गेले जी. आमी बहिणी तेवढ्या राह्यलो.”

मॅडमचा पेन थांबला. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “याच्या अंगावर होतं पुरळ?”

“होतं ना जी. पोटही सुटलं होतं. पण हा राह्यला. काऊन राह्यला, देवाले मालूम.”

त्या दिवशी त्यांनी माझं रक्त घेतलं आणि आईचंही. माझी बहीण शालू एटापल्लीहून मला भेटायला आली होती. तिचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. नवरा तिकडे वनरक्षक. तिचंही रक्त घेतलं. सुई पाहून शालूला उलटी झाली. आई मॅडमना हळूच म्हणाली, “सुईनं नाई जी, तिले दिवस आहेत.” आणि किती दिवसांनी आई हसली.

मॅडम हसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं. रक्त त्यांच्या गुरूंमार्फत परदेशात जाणार होतं. असल्या तपासणीची सोय आपल्याकडे नाही.

जाळं

उत्तर यायला महिने लागले. मधल्या काळात मॅडमनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. चुकलं तर दोष माझा.

आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. रोग आत आला की त्या एकमेकींना निरोप धाडतात. हा निरोप म्हणजे छोटे छोटे रेणू. एक पेशी ते सोडते, दुसरीच्या अंगावर ते बसले की तिला कळतं: कामाला लाग. पण याच पेशींमध्ये थोड्या अशा असतात, ज्यांचं काम लढायचं नाही, थांबवायचं. लढणाऱ्यांना चेव आणणारे रेणू त्या स्वतःच पिऊन टाकतात, आणि ‘बस, हे आपलंच आहे’ असा उलटा निरोप देतात. त्या नसतील तर शरीर आपलं आतडं, आपली कातडी, आपलं रक्त, काहीच ओळखत नाही.

हे ऐकल्यावर मी भीतभीत म्हटलं, “मॅडम, आमच्याकडे तलावात जाळं ओढतात, तसं आहे.”

आमच्या तलावात जुन्या झाडांचे खुंट आहेत, पाण्याखाली, दिसत नाहीत. मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोरीनं ओढायचं असतं. बाबा जाळ्याच्या पुढे गळ्याएवढ्या पाण्यातून चालतात आणि पायानं खुंट चाचपतात. लागला की ओरडतात, “थाम!” की सगळ्या दोऱ्या सैल. मग जाळं खुंटावरून उचलून घ्यायचं. एका वर्षी बाबा तापानं पडले. बाकीच्यांनी म्हटलं, एवढ्याशा कामाला माणूस कशाला, आणि तसंच ओढलं. जाळं खुंटाला अडकलं. दोरीवरच्या माणसाला अडकलेलं जाळं जड लागतं आणि जड लागलं की वाटतं मोठा मासा आहे. ते आणखी जोर करत गेले. एकमेकांना “सोडू नको गा, लागला, लागला!” म्हणत त्यांनी स्वतःचंच जाळं उभं फाडलं.

मॅडमनी पेन बाजूला ठेवला. म्हणाल्या, “तुझ्यात माणूस पाण्यात उतरलाय. पण आपण थाम म्हणायचं आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. ते सांगणारा एक जीन असतो, तो तुझ्यात बिघडलेला असावा.”

“मग मी कसा वाचलो?”

“अगदीच मुका नसेल. आवाज बसलेला असेल. कोणात किती बसतो, कोणालाच सांगता येत नाही. एकाच घरात दोन भावांत फरक असतो.”

शेजारच्या खाटेवर कोरपन्याचे एक काका होते, सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पाय सुजलेले. ते सगळं ऐकत होते. मॅडम गेल्यावर म्हणाले, “म्हणजे तुह्या आंगात पोलीसच चोर झाले म्हण ना. माह्या आंगात तं पोलीसच नाई. चाल, बदली करून घेऊ.” मी हसलो. दवाखान्यात मिळालेल्या चांगल्या गोष्टी मोजायच्या तर काका पहिले.

औषधं

औषधांबद्दल थोडंच लिहितो. थाम म्हणणारा तर आणता येत नाही, म्हणून दोरीवरच्या सगळ्यांचेच हात बांधून ठेवायचे, असा तो उपाय. रक्त फुटायचं थांबलं, डोळे पांढरे झाले. पण हात बांधल्यावर खरा रोग आला तर त्याला कोण धरणार? साधा खोकला झाला तरी मी वॉर्डात परत. गोळ्यांनी चेहरा गोल झाला. गावी गेलो तर लोक म्हणाले, “दवाखान्याचं मानवलं गा तुले.” भूक अशी लागायची की आईच्या ताटातलाही भात मी खायचो आणि ती पाणी पिऊन उठायची. ते मला दिसायचं आणि तरीही मी खायचो.

हाडातली मज्जा बदलून पूर्ण उपाय होऊ शकतो, असं एकदा मॅडम म्हणाल्या. मग माझ्या पायांतल्या चपलांकडे, आईच्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते वाक्य त्यांनी अर्ध्यातच सोडलं. मीही पुढचं विचारलं नाही.

गोल आणि चौकोन

हा आजार आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला काहीच होत नाही. मुलींनाही होत नाही, पण निम्म्या मुली तो पुढे नेतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. रंगांधळेपणाचा धडा आम्हाला पहिल्याच वर्षी होता. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आजारी असेल तो काळा भरायचा. त्या प्रश्नात मला पूर्ण गुण मिळाले होते.

एका दुपारी मी आमचंच चित्र काढलं. आजीखाली काळे चौकोन, आईखाली काळे चौकोन, त्यातला एक मी. शालूचा गोल मात्र रिकामाच ठेवला. तिच्याखाली काही काढलं नाही.

मी आईला किती वर्षं सांगत आलो होतो की तुझा काही दोष नाही. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, उठताबसता म्हणायची, “इच्या कुशीत पोट्टे टिकत नाईत.” पुजाऱ्याकडे नेऊन आईला धुरासमोर बसवलं होतं. मी नववी-दहावीत असताना आत्याशी भांडलो होतो, “हे सगळं अंधश्रद्धा आहे, रोग जंतूंमुळे होतात!” आई तेव्हा चुलीजवळ बसून ऐकत होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. कोणीतरी पहिल्यांदा तिची बाजू घेतली होती.

उत्तर आलं तेव्हा शालूला सहावा सरत होता. मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. माझ्यात तोच बिघाड निघाला. आईत होता. शालूतही होता.

“आता काही करता येईल?” मी विचारलं.

“आता नाही, दिवस फार पुढे गेलेत,” त्या म्हणाल्या. “मुलगी झाली तर तिला आजार होणार नाही. मुलगा झाला तर निम्मी शक्यता. आणि झाला आजार, तरी तुझ्यासारखा सौम्य की भावांसारखा, ते मी सांगू शकत नाही.” मग म्हणाल्या, “बहिणीला तू सांगशील का? मी सांगू?”

मी सांगतो म्हटलं. कशाच्या भरवशावर म्हटलं, माहीत नाही.

तलावाच्या पाळीवर

सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाला शालू माहेरी आली. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला तलावाच्या बांधावर, पाळीवर घेऊन गेलो. बाबा लांब पाण्यात जाळं धूत होते. मी जाळ्याचं, खुंटाचं सगळं सांगितलं. ती ढिवराची पोर, तिला लगेच कळलं.

“म्हंजे माह्यात आहे ते?”

“तुला काही होणार नाही.”

“माहं नाई विचारून राह्यली मी.” ती पाण्याकडे बघत होती. “पोट्टी झाली तं?”

“मुलीला होत नाही.”

“मंग पोट्टीच होईन,” ती म्हणाली आणि उठली. चालता चालता पुन्हा थांबली. “यायले सांगू नको. घरी पाळण्याले नाव ठरवून बसले आहेत, पोट्ट्याचं.” ‘यायले’ म्हणजे नवऱ्याला. “आन मायले तं बिलकूल सांगू नको.”

दोन वाट्या

आमच्याकडे डोहाळजेवणाला दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. बाईनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मिठाई आणायला मला मूल गावच्या बाजारात पाठवलं होतं.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. मूल कोणतं होणार ते कधीच ठरून गेलेलं असतं, वाटीखाली काय आहे यानं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी दुकानात पेढ्यांची परात समोर असताना मी फक्त बर्फी घेतली. घरी येऊन सांगितलं, पेढे संपले.

“अख्ख्या मूलमंधी पेढा नाई?” आत्या म्हणाली. “कॉलेज शिकलं पण बाजार नाई शिकलं हे पोट्टं! जाऊ दे. पेढ्याच्या जाग्यावर गुळाचा खडा ठेवू.”

बायका हसल्या. शालू हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. मी दारात. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं कोणत्या वाटीखाली काय आहे, मी नुसताच उभा राहिलो. तिनं डावीकडची उचलली.

गूळ.

“पोट्टा! पोट्टा होते!” आत्यानं टाळी वाजवली. “माह्या भावाच्या घरचं ग्रहण सुटलं वं आता!” कोणीतरी गुळाचा तो खडा शालूच्या तोंडात घातला. ती तो चघळतही नव्हती, गिळतही नव्हती. सगळ्या हसत होत्या म्हणून तीही हसली. आई तेवढी हसत नव्हती. आई तिच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

परत वॉर्डात

त्यानंतर पंधरवड्यातच मला ताप आला. ताप गेला तर रक्त पुन्हा फुटायला लागलं. पुन्हा नागपूर, पुन्हा तीच खिडकी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण आई माझ्यापाशी, म्हणून शालू एटापल्लीलाच राहिली. कोरपन्याचे काकाही परत भरती झाले होते. “तुह्याशिवाय करमत नव्हतं बावा,” म्हणाले. त्यांच्या मुलानं त्यांना मोबाईल घेऊन दिला होता. तो नंबर आम्ही जावयाला, शालूच्या नवऱ्याला कळवला.

इथले दिवस सारखेच असतात. सकाळी सफाई, मग सुई, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग दुपारची जेवणाची गाडी. झाडू मारणाऱ्या एका बाई आईला व्हरांड्यात पंख्याखालची जागा धरून ठेवतात. मॅडम रोज येतात, पण आता खुर्ची ओढत नाहीत. सांगण्यासारखं नवीन काही उरलेलं नाही.

एका दुपारी आई माझं डोकं पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “शाली गूळ पाहून काऊन घाबरली रे?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“माह्याकडून आलं का हे? तुले, त्या दोघायले?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण ती इतक्या शांतपणे विचारत होती, आणि मॅडमच्या तोंडून अर्धवट काही कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मला वाटलं. मी सांगितलं. दोष नाही म्हटलं. तुला माहीत असायचं कारणच नव्हतं म्हटलं. डोळ्यांचा रंग येतो तसं येतं म्हटलं. मी खूप बोललो.

ती ऐकत राहिली. ओला कपडा तिनं पिळला, घडी केली, खाटेच्या दांडीवर टाकला.

“म्हंजे तुही आत्या खरंच बोलत होती,” ती म्हणाली.

याचं उत्तर हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल तर मला हवं आहे.

त्या दिवसापासून ती माझ्या अंगाला हात लावताना आधी थोडी थांबते.

वाट

शालूचे दिवस भरून गेले. तिकडे पाऊस थांबत नाही. नद्यांना पूर आहे, पुलांवरून पाणी आहे, एटापल्लीचा फोन लागत नाही. काकांचा मोबाईल माझ्या उशाशी असतो. तो वाजला की काकांच्या आधी मी दचकतो. बहुतेकदा त्यांचा मुलगा असतो, शेतातल्या कापसाचं सांगायला.

बाबा येऊन गेले. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. ते म्हणाले, “शालीले पोट्टा झाला तं मी त्याले जाळं ओढाले शिकवीन. तुले तं पाणीच सोसलं नाई.” त्यांनी ते प्रेमानं म्हटलं.

मी देव मानत नाही असं कॉलेजात म्हणत असे. आता रोज एकच मागतो: मुलगी. तिकडे एटापल्लीत सगळं घर मुलगा मागत असेल. मुलगी मागणारी तिकडे एकटी शालू आणि इकडे मी. आई काय मागते, मला माहीत नाही. ती काही मागायलाच भीत असावी.

आज

आज जेवणाची गाडी येऊन गेली होती. काका वरणात पोळी कुस्करत होते. फोन वाजला. त्यांनी उष्ट्या हातानंच कानाला लावला, ऐकलं आणि माझ्याकडे फेकल्यासारखा दिला. “तुमचाच जावई!”

आवाज तुटत होता. तो आलापल्लीवरून बोलत होता, पुलावरचं पाणी उतरल्यावर आज पहिल्यांदा तिथपर्यंत आला होता. “हॅलो! ऐकू येऊन राह्यलं का भाऊ? आठ-दहा दिस झाले, सांगालेच जमलं नाई! शाली मस्त आहे! हॅलो!”

“काय झालं?” मी विचारलं. आई व्हरांड्यातून आत येऊन माझ्या खाटेची दांडी धरून उभी राहिली होती.

“पोट्टा झाला भाऊ! मामा झाला तू!” तो हसत होता, ओरडत होता, मागे कोणाला तरी चहा सांगत होता. “आन तुह्यावानीच आहे, खरं सांगतो. आंगभर तसंच लाल पुरळ. आमच्या घरी सारे म्हणून राह्यले, मामावर गेला.”